ओळंबासुद्धा कलतो!

काल साइटवर ओळंबा सोडताना नव्या पोराने विचारलं, "सर, हा अगदी सरळच ना?"

गुरुत्वाकर्षण ओढेल तसा! शेजारी डोंगर असला की किंचित तिकडे कलतो. लेव्हलच्या बुडबुड्याचंही तेच.

भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांमधला अक्षांशांचा फरक जमिनीवरच्या मोजणीवरून एक निघाला, ओळंबा धरून ताऱ्यांवरून दुसरा. तफावत कोनाचे सव्वापाच सेकंद, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर! गणितज्ञ प्रॅट यांनी ओळंब्यावरची हिमालयाची ओढ हिशोबात धरली, तर तफावत तिप्पट यायला हवी होती. १८५५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एअरींनी सुचवलं, पर्वतांखाली हलक्या खडकाची मुळं खोलवर असावीत, म्हणून ओढ कमी पडते.

जीपीएस लंबवर्तुळाकार पृथ्वीचा लंब धरतं, टोटल स्टेशन (कोन-अंतर मोजायचं यंत्र) ओळंब्याचा. म्हणून लांब बोगद्यांत कोन दुरुस्त करतात. गुंठ्याच्या मोजणीत याची गरज नाही.