डागांसकट अक्षरं

‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेच्या नावाची अक्षरं आठवतात? कडा कुरतडलेल्या, शाई कुठे दाट, कुठे विरलेली. तो ‘ट्रिक्सी’ नावाचा फॉन्ट. एरिक व्हान ब्लोकलंड या डच अक्षररचनाकारानं खऱ्या टाइपरायटरच्या ठशांवरून 1991 मध्ये केलेला, डागांसकट.

हे डाग येतात कुठून? कापडी रिबिनीची शाई आणि धूळ धातूच्या ठशांत साचते, मग इंग्रजी ‘ई’चं, ‘ए’चं पोट बुजतं. रिबीन जुनी झाली की अक्षर पुसट. शिवाय कागद धरणारं कॅरेज दर अक्षराला सारखंच सरकतं, त्यामुळे सडपातळ ‘आय’ला आणि ऐसपैस ‘एम’ला जागा तेवढीच.

पुस्तकांची मुखपृष्ठं करताना मला या फॉन्टचा मोह पडतोच. साधं नावही पोलिसी फायलीतून आल्यासारखं वाटतं. (हल्ली प्रत्येक रहस्यकथेला तोच, हा भाग वेगळा.) पण शेजारच्या दोन ‘ओ’वर हुबेहूब एकच डाग दिसला की सोंग उघडं पडतं. म्हणून ट्रिक्सीच्या नंतरच्या आवृत्तीत एकेका अक्षराची अनेक रूपं आली. तुम्हीही असा फॉन्ट घ्याल तर ती रूपं आलटूनपालटून वापरा, आणि फक्त शीर्षकाला, मोठ्या आकारात. आतल्या मजकुराला लावलात तर वाचक चष्मा पुसत बसेल.