पीएच.डी.नंतर मुक्काम कुठे?

पीएच.डी. हाती पडली, की संशोधकाला सामान आवरावं लागतं. दोन-तीन वर्षांची पोस्टडॉक फेलोशिप एका शहरात, पुढची दुसऱ्या देशात. कायम नोकरी कुठे मिळेल, याचा भरवसा नाही. युरोपच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपमध्ये तर अटच आहे: ज्या देशात जायचं, तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. ही भटकंती येते तिशीच्या आसपास, लग्न आणि बाळंतपणाच्याच वर्षांत.

प्रश्न जुना आहे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींतल्या सायटोक्रोम सीवर काम करून १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. परतल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. १९४७ मध्ये लग्न झालं आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. तिथे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांना जीवरसायनशास्त्राची जागा मिळाली, म्हणून कडधान्यांवरचं आणि नीरेवरचं त्यांचं मोलाचं संशोधन आपल्या वाट्याला आलं. ती जागा त्या वेळी निघाली नसती तर? एवढी तयारीची शास्त्रज्ञ, आणि सगळं योगायोगावर!

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनची पीएच.डी. १९३० मध्ये मिळवली. त्यानंतर काही वर्षं त्या एसएनडीटी विद्यापीठात मुख्यतः प्रशासनाच्या कामात होत्या. डेक्कन कॉलेजमध्ये त्या रुजू झाल्या १९३९ मध्ये, पीएच.डी.नंतर नऊ वर्षांनी.

नियम बदलले की फरक पडतो. पीएच.डी.नंतर ठरावीक वर्षांतच अर्ज करता येणारं अनुदान युरोपीय संशोधन परिषद देते, पण आई झालेल्या संशोधिकेला प्रत्येक मुलामागे १८ महिन्यांची वाढीव मुदत मिळते. जर्मनीत नोबेलविजेत्या क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांनी २००४ मध्ये स्थापलेली संस्था तरुण संशोधक मातांना घरकाम आणि मुलांच्या सांभाळासाठी पैसे देते. मदतनीस ठेवली की प्रयोगाला तेवढे तास मिळतात, इतका साधा हा विचार आहे.

आपल्याकडे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने लग्न, पतीची बदली किंवा आजारी आईवडील यांमुळे शहर बदलणाऱ्या शास्त्रज्ञ स्त्रियांसाठी स्वतंत्र योजना आणली. ही गरज सरकारदरबारी मान्य झाली, हे मोठं पाऊल आहे. मात्र योजनेचा रोख नियमित नोकरीतल्या स्त्रियांवर आहे. नुकतीच पीएच.डी. झालेली, कंत्राटावर काम करणारी मुलगी नवऱ्याच्या बदलीपायी पुण्याहून गुवाहाटीला गेली, तर तिची फेलोशिपही तिच्यासोबत तिथल्या प्रयोगशाळेत गेली पाहिजे.