व्हिडिओवरचे समुपदेशन आणि भिंतीचे कान

व्हिडिओवरून समुपदेशन घेण्याची सोय कोविडने आणली, असा समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का मानसोपचार संस्थेत 1959 मध्येच दुतर्फा दूरचित्रवाणीवरून समूहोपचार होऊ लागले होते. भारतात चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या मानसिक आरोग्य संस्थेने 2010 मध्ये पुदुकोट्टई जिल्ह्यात फिरती बस सुरू केली. रुग्ण गावात उभ्या बसमध्ये बसे आणि डॉक्टर चेन्नईहून बोलत. कोविडने दिली ती नियमांची चौकट. 25 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. ती डॉक्टरांसाठी, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांनाही लागू. समुपदेशक मात्र व्हिडिओवर असो वा समोरासमोर, औषध लिहून देऊ शकत नाही.

सत्र सहसा 45 ते 50 मिनिटांचे असते. सुरुवातीलाच काही रूक्ष वाटणारे प्रश्न येतात: आत्ता कुठे बसला आहात, घरात कोण आहे, जवळच्या माणसाचा नंबर काय? ही चौकशी उगाच नसते. बोलता बोलता कॉल तुटला आणि माणूस धोक्यात असला, तर मदत कुठे पाठवायची हे समुपदेशकाला माहीत असावे लागते.

सत्र ‘सुरक्षित’ म्हणतात ते एन्क्रिप्शनच्या जोरावर. आवाज आणि चित्र एका टोकाला कुलूपबंद होतात व दुसऱ्या टोकालाच उघडतात. मधल्या वाटेवर कोणी पकडले तरी हाती काही लागत नाही. कायद्याचे संरक्षणही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवावी लागते. अपवाद मोजके, जसे कुणाच्या जिवाला धोका असणे.

पण खरी गळती असते ती घरात. वन-रूम-किचनमध्ये सासू ओट्यापाशी असताना सून सासूबद्दल काय बोलणार? तिथे एन्क्रिप्शन कामाचे नाही. म्हणून लोक गच्चीवर जातात, उभ्या गाडीत बसतात. समुपदेशकही वाट काढतात: समोरच्याला इअरफोन लावायला सांगून प्रश्न असे विचारायचे की उत्तर ‘हो-नाही’त यावे, किंवा अडलेले वाक्य चॅटवर टाइप करून घ्यायचे. कोणी खोलीत आले तर विषय बदलण्यासाठी एखादा खुणेचा शब्दही आधीच ठरवतात. ऐन रडू फुटताना रेंज जाणे हे दुसरे दुखणे. त्यावर हाताशी साधा फोन तयार ठेवणे एवढाच उपाय.

पडद्यावर चेहरा दिसतो, पण थरथरणारे हात, हलणारा पाय दिसत नाही. आत्महत्येचा धोका किंवा वास्तवाचे भान सुटल्याची लक्षणे असतील, तर प्रत्यक्ष उपचारांना पर्याय नाही.

आणि तातडीने कोणाशी बोलायचे असेल, तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची फोन-सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.