रंग, ब्रश आणि महिन्याचा किराणा

नोकरीवर लाथ मारून चित्रकार झालेल्या माणसांच्या गोष्टी वाचायला आपल्याला फार आवडतात. मला मात्र अशी गोष्ट वाचली की आधी त्याच्या बायकोची आठवण येते. पॉल गोगाँचंच बघा ना! पॅरिसच्या शेअर बाजारात चांगली कमाई, १८७३ मध्ये लग्न, पुढे पाच मुलं. चित्रकला ही फावल्या वेळची हौस. १८८२ मध्ये बाजार कोसळला आणि पुढच्या वर्षी साहेबांनी ठरवलं, आता फक्त चित्रं! ती काही विकली जाईनात. १८८४ मध्ये संसार मेटच्या, म्हणजे बायकोच्या माहेरी, कोपनहेगनला हलला. गोगाँनं तिथं ताडपत्री विकून पाहिली, तेही जमलं नाही. मेट फ्रेंचच्या शिकवण्या घेऊ लागली. १८८५ मध्ये तो पॅरिसला परतला, ती मात्र तिथंच राहिली. त्याची चित्रं आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. मेटच्या शिकवण्यांचं नाव कोण घेतं?

हे आठवायचं कारण आमच्या बचत गटातली एक मैत्रीण. तिची मुलगी बी.कॉम. झालेली, एका ऑफिसात हिशेबाचं काम करायची. पगार अगदी वेळेवर. आणि एक दिवस म्हणाली, नोकरी सोडून चित्रं काढायची आहेत. आई रडकुंडीला आली. ‘‘ताई, तुम्हीच सांगा तिला. लग्नानंतर काढ म्हणावं हवी तेवढी चित्रं.’’

लग्नानंतर! पोळ्या, पाहुणे आणि पोरांच्या परीक्षा यातून उरलेल्या वेळात कोण रंग कालवतंय, ते आपण सगळ्याच जाणतो.

मी दोघींना भूपेन खक्कर यांच्याबद्दल सांगितलं. जन्म मुंबईचा, १९३४ चा. वडील लहानपणीच गेले. शिकून चार्टर्ड अकाउंटंट झाले, पण संध्याकाळी जे. जे. स्कूलमध्ये चित्रकलेच्या वर्गाला जायचे. १९६२ मध्ये मुंबई सोडून बडोद्याच्या फाइन आर्ट्सला गेले. आकडेमोड मात्र टाकली नाही. तिथल्या एका कारखान्यात बरीच वर्षं अर्धवेळ हिशेब पाहिले. शिंपी, घड्याळं दुरुस्त करणारा, अशी साधी माणसं त्यांनी रंगवली. पोटाची सोय वेगळी होती म्हणूनच ‘हे विकेल का?’ असं त्यांना विचारावं लागलं नसेल, असं आपलं मला वाटतं. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २००३ मध्ये ते गेले आणि २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं.

‘‘त्यांना पोळ्या लाटायला नसतील लागल्या,’’ मुलगी पटकन म्हणाली.

यावर मी काय बोलणार? आईच जरा वेळानं म्हणाली, ‘‘सकाळचा स्वयंपाक मी बघेन. पण घरात निम्मे तरी पैसे यायला हवेत.’’

मुलीनं ऑफिस सोडलं. आता दुपारी दोन दुकानांचे हिशेब लिहिते. वर्षाची मुदत ठरली आहे. सकाळी माडीवर तिचं रंगकाम चालतं. टर्पेंटाइनचा वास लोणच्याच्या बरण्यांपर्यंत येतो, एवढीच सध्या आईची तक्रार आहे.