माळावरच्या दोन टिटव्या

हुबळीजवळच्या तारिहाळसारख्या औद्योगिक वसाहतीत पाखरं ओळखायला शिकायचं, तर सुरुवात टिटवीपासून करावी. ती स्वतःच ओरडून हजेरी लावते!

पण कोणती टिटवी? पाय दोघींचेही पिवळेच. नवखा तिथेच फसतो. म्हणून चेहरा पाहावा. डोळ्यापुढे लाल मांसल गाठ, लाल चोचीचं टोक काळं, गळा-छाती काळी, तर ती लाल गाठीची टिटवी. पाण्याच्या आसपास रमणारी. माळटिटवीची गाठ पिवळी, डोक्यावर काळी टोपी, टोपीला पांढरी किनार. तिला कोरडं माळरान मानवतं.

सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं १९४१चं पुस्तक आजही सोबतीला चालतं. मात्र आधी वहीत ओबडधोबड चित्र, मग पुस्तक.

दोघींची अंडी उघड्या जमिनीवर असतात, खड्यांत बेमालूम मिसळलेली. डोक्यावर घिरट्या सुरू झाल्या, की पाऊल जिथल्या तिथे थांबवावं.