भिंत वाळली, पण रंगाला तयार झाली का?

शेवगाव परिसरात घराचं काम निघतं ते बहुधा दोन निमित्तांनी. लग्न ठरलं म्हणून, नाहीतर दिवाळी आली म्हणून. दोन्हींना तारीख असते आणि त्या तारखेत सगळ्यात जास्त भरडली जाते ती मागची, पाहुण्यांसाठी ठेवायची खोली. हॉल आणि स्वयंपाकघर आधी उरकतं. खताची पोती, धान्य, मोडकं कपाट असं काहीबाही साठवलेली ही खोली अगदी शेवटी मोकळी होते. जुनं प्लास्टर झडवून नवं केलं जातं आणि पंधरवड्यात रंगारी बादली घेऊन दारात उभा राहतो. पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघाले की बोल लागतो रंगाला किंवा रंगाऱ्याला. खरा दोष बहुतेक वेळा त्या पंधरवड्याचा असतो.

भिंत कोरडी दिसणं, पक्की होणं आणि रंगाला तयार होणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की पुढचे सगळे गैरसमज सुरू होतात.

“भिंत फिकी पडली, म्हणजे वाळली.”

सिमेंटचं ओलं प्लास्टर गडद करडं असतं आणि वाळेल तसं फिकं होतं, हे खरं. पण फिका होतो तो वरचा पापुद्रा. इथल्या एप्रिलच्या हवेत त्याला एक दुपार पुरते. आतली 12 ते 15 मिलिमीटरची जाडी आणि तिच्यामागची वीट मात्र पाणी धरून बसलेली असते. गवंड्याने प्लास्टरआधी भिंत भिजवलेली असते, नंतर आठवडाभर नळीने पाणी मारलेलं असतं. ते सगळं पाणी हळूहळू पृष्ठभागातूनच बाहेर पडायचं असतं. त्याच वाटेवर आपण रंगाचा पडदा ओढतो. पाणी थांबत नाही, ते पडद्याला मागून ढकलतं. फुगे येतात ते असे.

खात्री करायला यंत्र लागत नाही. दुधाची रिकामी पिशवी कापून उलगडा, धुऊन पुसून घ्या आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून संध्याकाळी भिंतीवर घट्ट चिकटवा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा पिशवीखालची भिंत गडद झालेली दिसली, तर ओल आहे. फक्त जागा नीट निवडा. लोक खिडकीशेजारी, छातीच्या उंचीवर पिशवी लावतात आणि खूश होतात. ती लावायला हवी जमिनीपासून वीतभर वर, बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर आणि जिथे कपाट येणार त्या कोपऱ्यात. तिथे भिंत सगळ्यात उशिरा वाळते.

“अठ्ठावीस दिवस झाले, आता हरकत नाही.”

हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो कुठून आला हे फारसं कुणी विचारत नाही. 28 दिवस ही सिमेंटची ताकद मोजण्याची मुदत आहे. पोत्यावर जे 43 किंवा 53 ग्रेड लिहिलेलं असतं, ती 28 दिवसांनंतरची ताकद. भिंत सुकली की नाही याच्याशी त्या आकड्याचा थेट संबंध नाही. हवा कोरडी, खोलीला समोरासमोर खिडक्या आणि भिंत पातळ असेल तर 28 दिवस पुरतातही. खोली कोंदट असेल, भिंत जुनी जाडजूड दगडाची असेल किंवा मध्येच सप्टेंबरचा पाऊस लागला असेल, तर दोन महिनेही कमी पडतात.

दुसरी चूक मोजणीची. दिवस प्लास्टर झाल्यापासून मोजले जातात. पण प्लास्टर किमान 7 दिवस ओलं ठेवायचं असतं, कारण सिमेंट नुसतं वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. म्हणजे त्या आठवड्यात भिंत वाळत नसते, उलट तिला पाणी पाजणं चालू असतं. वाळण्याचे दिवस मोजायचे ते शेवटचं पाणी मारल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

घाई असली की काही जण पाणी मारणंच आखडतं घेतात, तर काही जण खोलीत हॅलोजन किंवा कोळशाची शेगडी पेटवून ठेवतात. पहिल्या उपायाने प्लास्टर पिठूळ होतं, हात फिरवला की वाळू हाताला येते. दुसऱ्याने वरचा थर आतल्याच्या आधी आकसतो आणि बारीक चिरा पडतात. बंद खोलीतल्या शेगडीचा धूर तर जिवावरही बेतू शकतो. पाणी मारण्याचे दिवस संपल्यावर खिडक्या-दारं उघडी टाकून पंखा चालू ठेवणं, एवढंच पुरे.

“ओल गेली की झालं.”

इथे खरी गंमत आहे. ओल गेली तरी नव्या सिमेंटचा क्षारधर्म, म्हणजे अल्कली, शिल्लक असतो. ताज्या प्लास्टरचा पीएच 12 ते 13 असतो, जवळपास कॉस्टिकच्या पंगतीतला. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होत पृष्ठभाग हळूहळू सौम्य होतो. तो होण्याआधी रंग दिला तर काही रंगद्रव्यं फिकी पडतात आणि भिंतीवर ढगासारखे पट्टे उमटतात. रंगारी म्हणतो, “रंग जळला.” त्याचं निदान अचूक असतं.

याची चाचणी घरच्या डब्यात आहे. पांढऱ्या कापडाचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. भिंतीवर एका जागी पाण्याचा हात फिरवून तो तुकडा मिनिटभर दाबून धरा. हळद लगेच गडद तांबडी झाली तर अल्कली अजून जोरात आहे. हळदीला चुना लागला की तिचं कुंकू होतं, तीच ही क्रिया. हे प्रयोगशाळेचं मोजमाप नव्हे. सौम्य अल्कलीनेही हळद थोडी लालसर होते. पण ही चाचणी आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा केली तर भिंत कुठल्या दिशेने चालली आहे ते कळतं.

ऑइल पेंटच्या बाबतीत प्रकरण आणखी गंभीर. भिंत पुसता येते म्हणून खालच्या तीन-चार फुटांना ऑइल पेंट मारण्याची आपल्याकडे आवड आहे. तेल आणि अल्कली एकत्र आले की साबण होतो, कारखान्यात होतो तसाच. ओलसर नव्या भिंतीवरचा ऑइल पेंट चिकट राहतो, बोट लावलं की मऊ लागतो, शेवटी सालीसारखा निघतो. दुकानदाराने भेसळ दिली असं वाटतं. भेसळ कुठेच नसते, भिंतीवर साबण तयार झालेला असतो.

जिप्सम प्लास्टरला यातलं बरंचसं लागू नाही. त्याला पाणी मारायचं नसतं, त्याचा क्षारधर्म सौम्य असतो आणि ते लवकर रंगाला येतं. पण खालून ओल चढणाऱ्या भिंतीवर ते करूच नये, पाण्याने ते मऊ पडतं.

“पूर्वी ओल्या भिंतीलाच रंग देत. अजिंठ्याचं बघा.”

अजिंठा शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, त्यामुळे हा दाखला तोंडावर असतो. दाखला चुकीचा आहे. अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावर काढलेली नाहीत. भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ती रीत होती. ओल्या चुन्यावर नुसत्या पाण्यातले रंग लावण्याची रीत इटलीतल्या भित्तिचित्रकारांची, आणि ती चालते कारण तिथे रंगाला धरून ठेवतो तो चुनाच.

यात एक कामाची गोष्ट मात्र आहे. चुन्याला दमट आणि क्षारयुक्त भिंत चालते, कारण तो स्वतःच क्षार आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो भिंतीवरच दगडासारखा होतो आणि आतल्या ओलीला श्वास घेऊ देतो. त्यात टाकलेली नीळही टिकते, तिला अल्कलीचं भय नसतं. आजीच्या काळी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात भिंती रंगत आणि पोपडे येत नसत, त्याचं कारण हेच. ते पाहून आपण प्लॅस्टिकसारखा पडदा धरणारं इमल्शन त्याच घाईने लावायला जातो. आणि चुन्यावर थेट इमल्शन मारणं ही तर दुहेरी चूक. चुन्याची भुकटी सुटते आणि तिच्याबरोबर रंगही उतरतो. चुना प्रायमरची जागा घेऊ शकत नाही.

“पांढरं पीठ येतंय म्हणजे सिमेंट खराब.”

लोणा किंवा खार फुटणं ही या भागातली सगळ्यात जुनी तक्रार. क्षार विटेत असतो, वाळूत असतो, जमिनीतून चढतो आणि बोअरच्या पाण्यातूनही येतो. ज्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात, त्याच पाण्याने आठवडाभर भिंत भिजवली तर पाणी उडून जाईल आणि क्षार मागे राहील, हे उघड आहे. शक्य असेल तर प्लास्टरवर मारायला नळाचं किंवा टँकरचं गोडं पाणी वापरा.

पण मागच्या खोलीचं दुखणं अनेकदा वेगळंच असतं, आणि ते सिमेंटवाल्याला किंवा रंगवाल्याला ठाऊक नसतं. ते घरमालकालाच ठाऊक असतं. या खोलीत वर्षानुवर्षं युरियाची, मिश्रखताची पोती भिंतीला टेकून ठेवलेली असतात. काही घरांत ती जागा आधी गोठ्याची होती. खत आणि जनावरांचं मूत्र यांतला नायट्रोजन जमिनीत आणि भिंतीत मुरून नायट्रेटचे क्षार तयार होतात. जुन्या काळी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा असल्याच मातीतून काढत. हे क्षार हवेतली आर्द्रता ओढून घेतात. म्हणून उन्हाळ्यात खडखडीत असलेली भिंत पावसाळ्यात, कुठूनही गळती नसताना, गुडघाभर उंचीपर्यंत ओली दिसते. मग छतावर वॉटरप्रूफिंग होतं, पैसे जातात आणि डाग तिथेच राहतो.

अशा भिंतीचं जुनं प्लास्टर विटेपर्यंत काढावं लागतं, डागाच्या वर हातभर जास्तच. सांधे खरवडून मोकळे करायचे आणि काढलेला मलबा खोलीत किंवा जोत्याशी न ठेवता बाहेर टाकायचा. नव्या प्लास्टरवर पहिल्यांदा पांढरं फुटेल ते कोरड्या ब्रशने झाडायचं. धुवायचं नाही. धुतलं की क्षार विरघळून परत आत जातो. फुटणं थांबेपर्यंत रंगाचा विषय काढू नये. भिंत दगड-मातीची असेल तर तिच्यावर कडक सिमेंटचं कवच चढवण्याऐवजी चुन्याचा गिलावा अधिक मानवतो. मातीच्या भिंतीतली ओल सिमेंटमागे कोंडली जाते.

“चिरा गेल्या, म्हणजे सिमेंट कमी घातलं.”

बऱ्याचदा उलटं असतं. सिमेंट जास्त झालं की प्लास्टर अधिक आकसतं. आतल्या भिंतीला एकास पाच-सहा हे प्रमाण पुरेसं असतं. गुळगुळीतपणासाठी वरून कोरडं सिमेंट उडवून घोटण्याची जी हौस आहे, तिने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि पृष्ठभाग इतका चिकणा होतो की पुट्टीला धरायला काही उरत नाही. खांब आणि वीट जिथे भेटतात तिथली सरळ चीर वेगळी; तिथे प्लास्टरआधी जाळी ठोकायला हवी होती.

तिरपी, दर उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी चीर दिसली तर प्लास्टरवाल्याला सोडा. शेवगावची काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. पाया उथळ असेल तर ती हालचाल भिंतीत उतरते. कितीही महाग पुट्टी भरा, ती चीर परत येणार.

“पुट्टी मारली की सगळं झाकलं.”

पुट्टी ओल थांबवत नाही आणि वाकडी भिंत सरळही करत नाही. दोन हात मिळून ती दीड मिलिमीटरच्या आत राहायला हवी. भिंतीला चिकटून आडवा बल्ब धरला की खळगे दिसतात. ते खोल असतील तर काम गवंड्याचं आहे, रंगाऱ्याचं नाही. भर उन्हाळ्यात पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावताना आधी भिंतीवर पाण्याचा हलका हात फिरवावा, नाहीतर तापलेली भिंत पुट्टीतलं पाणी शोषते आणि पुट्टी खडूसारखी सुटते.

हिशोबाचाही एक घोळ. दहा बाय बाराची खोली म्हणजे 120 चौरस फूट रंग, असं समजून रंगाऱ्याशी वाद होतात. ते क्षेत्र जमिनीचं. दहा फूट उंचीच्या चार भिंती 440 चौरस फूट होतात. एक दार आणि एक खिडकी वजा करून साधारण 400, आणि छताचे 120 वेगळे.

खोलीतली जुनी दारं-खिडक्या घासताना मात्र जपा. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखांत 90 भागांपेक्षा कमी असावं हा नियम 2016 मध्ये आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. चौकट कोरडी घासू नका, ओल्या पॉलिशपेपरने घासा आणि लहान मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नका.

तारीख खरोखरच पुढे ढकलता येत नसेल तर पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीवर थांबा. तिला अल्कलीचा त्रास नाही, थोडी दमट भिंतही चालते, आतल्या ओलीला ती वाट देते आणि खोली पांढरीशुभ्र दिसते. लोणा फुटत असलेल्या भिंतीला मात्र तीही लावू नका. पाहुणे दोन रात्री राहून जातील. प्रायमर आणि रंग एक उन्हाळा गेल्यावर द्या. रंगाऱ्याला तेव्हाची तारीख आत्ताच सांगून ठेवा, लग्नसराईत तो मिळत नाही.