विश्लेषण : रोमानियात २४ जूनला पऱ्यांचा सण का साजरा होतो? काय आहे ‘सन्झीएने’?

२३ जूनची रात्र उलटून २४ जून उजाडला की रोमानियातील अनेक खेड्यांत दारांवर, कुंपणांवर पिवळ्या रानफुलांचे गोल हार दिसू लागतात. याच रात्री पऱ्या शेतांवरून फिरतात, अशी तिथली जुनी समजूत आहे. आज हाच सण बुखारेस्टसारख्या शहरांत आणि समाजमाध्यमांवरही पोहोचला आहे.

सन्झीएने म्हणजे कोण?

या शब्दाचे तीन अर्थ आहेत. सन्झीएने म्हणजे पऱ्या, त्यांचा सण आणि त्या दिवसांत फुलणारे पिवळे, सुगंधी रानफूलही. वनस्पतिशास्त्रात या फुलाला ‘गॅलियम व्हेरम’ म्हणतात. कॉफी आणि आपल्याकडची मंजिष्ठा ज्या कुळातली, त्याच कुळातली ही वनस्पती आहे. दक्षिण रोमानियात याच सणाला ‘द्रगायका’ म्हणतात.

नावाच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार ते रोमन देवता डायानाशी जोडलेले आहे, तर दुसऱ्या मतानुसार संत जॉनच्या नावाशी.

२४ जूनच का?

वर्षातला सर्वात मोठा दिवस २१ जूनच्या आसपास असतो. पिके भरात आलेली असतात, गवत कापणीला आलेले असते. ख्रिस्ती परंपरेत नाताळच्या सहा महिने आधी, म्हणजे २४ जूनला, बाप्तिस्मा देणाऱ्या संत जॉनचा जन्मदिन पाळतात. शेतीचा जुना सण आणि चर्चचा सण असे एकाच तारखेवर आले. कोकिळेसारखा कुक्कू पक्षी या दिवसापासून गायचा थांबतो, असेही लोक मानतात.

पऱ्या चांगल्या की वाईट?

त्या मुळात भल्या आहेत. पिकाला दाणा, औषधी वनस्पतींना गुण आणि घराला मूलबाळ त्यांच्यामुळे मिळते, अशी श्रद्धा आहे. मात्र त्या दिवशी कोणी शेतात काम केले, त्यांचा मान ठेवला नाही, तर गारपीट होते किंवा माणूस आजारी पडतो. रोमानियन लोककथांतील ‘येले’ नावाच्या पऱ्या याहून धोकादायक मानल्या जातात. त्यांचा नाच पाहणाऱ्याला वेड लागते, असे म्हणतात.

प्रथा कोणत्या?

मुली फुले आणून हार गुंफतात आणि छपरावर फेकतात. हार वर अडकला तर लग्न लवकर ठरणार, खाली पडला तर अजून थांबावे लागणार. स्वप्नात भावी नवरा दिसावा म्हणून उशाखाली फुले ठेवतात. काही गावांत पुरुषांसाठी क्रूसाच्या आकाराचे, तर बायकांसाठी गोल हार करतात.

मोल्दाव्हियाचा राजा आणि विद्वान दिमित्री कांतेमिर याने १८ व्या शतकाच्या सुरुवातीला द्रगायकाचे वर्णन लिहून ठेवले आहे. पीक तयार होऊ लागले की मुली आपल्यातल्या एकीला निवडत, तिला गव्हाच्या लोंब्यांचा मुकुट घालत आणि नाचत-गात शेतांतून फिरत. बुझऊ शहरात आजही द्रगायकाची जत्रा भरते. कोलकात्यात भारतीय तत्त्वज्ञान शिकलेले लेखक मिर्चा एलियाडे यांच्या एका गाजलेल्या कादंबरीची सुरुवातही याच रात्री होते.

आज काय बदलले?

२०१३ पासून २४ जून हा ‘इये’ या भरतकाम केलेल्या पारंपरिक रोमानियन ब्लाऊजचा दिवस म्हणूनही साजरा होतो. त्याची सुरुवात एका ऑनलाइन समुदायाने केली. २०२२ मध्ये रोमानिया आणि मोल्दोव्हा यांच्या या भरतकामाला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यामुळे सणाला नवे प्रेक्षक लाभले.

दुसरी बाजू मात्र चिंतेची आहे. १९९२ मध्ये रोमानियाची लोकसंख्या सुमारे २ कोटी २८ लाख होती, २०२१ च्या जनगणनेत ती सुमारे १ कोटी ९० लाखांवर आली. लाखो तरुण कामासाठी पश्चिम युरोपात गेले. हे फूल वाढते ते गवताळ माळांवर. गवत कापणारे, गुरे चारणारे हात गेले की माळावर झुडपे माजतात आणि फूल मागे हटते. शहरात हार विकत मिळतो, पण तो ज्या छपरावर फेकायचा त्या घराला कुलूप असेल तर कौल कोणासाठी लावायचा, हा प्रश्न उरतोच.